आधी बायांची बैठक, मग ग्रामसभा



१५ ऑगस्टची ग्रामसभा तोंडावर आली आहे. राहिलेले वनहक्क दावे, त्रुटी काढून परत पाठवलेले दावे आणि सामूहिक दावे या ग्रामसभेत घ्यायचे असं चळवळीच्या बैठकीत ठरलं आहे. फॉर्म कसा भरायचा, पंचनामा कसा करून घ्यायचा हे मागच्या अंकांत छापून झालं. या अंकात एकच गोष्ट मांडायची आहे. ग्रामसभेच्या आधी प्रत्येक पाड्यावर, प्रत्येक वस्तीवर बायांची वेगळी बैठक झाली पाहिजे. त्यांचा स्वतःचा गट पाहिजे आणि गटाची स्वतःची वही पाहिजे. ती बैठक झाली नाही तर आपला दावा अर्धाच जाणार आहे. बायांना मान द्यावा, त्यांनाही पुढं आणावं, असलं भाषण हे नाही. ते भाषण ८ मार्चला सगळेच करतात. जमीन आणि जंगल खरोखर हातात यावं म्हणून हे लिहिते आहे.

मी लिहिते कवठे महांकाळहून. तुमच्याकडं जंगल कुठं आहे, असं धडगावचा नाहीतर धानोऱ्याचा साथी विचारतो. बरोबर विचारतो. हा सांगली जिल्ह्याचा दुष्काळी भाग. अग्रणी नदी वर्षातले बहुतेक दिवस कोरडी. २०१२-१३ च्या दुष्काळात जनावरं चारा छावणीत होती आणि माणसं टँकरच्या मागं. म्हैसाळ योजनेचं कृष्णेचं पाणी ज्यांच्या बागेला पोचलं त्यांची द्राक्षं हिरवी, बाकीचा माळ होता तसाच. दंडोबाच्या डोंगरावर तेवढी झाडी दिसते. पण साथींनो, झाड नसलं तरी वनखात्याच्या दप्तरात माळसुद्धा वनच असतो. आमची फासेपारध्यांची पालं अशाच माळांच्या कडेला पडली आहेत, काही वनखात्याच्या हद्दीत, काही गायरानात. गार्ड येऊन पाल मोडतो तेव्हा तो झाडं मोजत नाही. म्हणून तुमचं भांडण आणि आमचं भांडण एकच आहे. तुमच्याकडं सावली आहे एवढाच फरक.

इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून आमच्यासारख्या जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ ला गेला. चोरी कुठंही होवो, गाडी आधी पालावर येते, ही सवय मात्र गेली नाही. गडी चौकशीला नेला की पाल, पोरं, शेळ्या आणि वर कोर्टाचे हेलपाटे सगळं बाईच्या अंगावर येतं. एका ठाण्याच्या फाटकाबाहेर (नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही) आमच्या पाच-सहा बाया दोन दिवस बसून होत्या. बसल्या बसल्या एकमेकींच्या पोरांना भाकरी दिली. कोणाला मराठीत नीट बोलता येतं, कोणाच्या पोरीला कागद वाचता येतो, कोण साहेबाला घाबरत नाही, हे सगळं तिथं कळलं. आमचा गट असा झाला. उद्घाटन नाही, बॅनर नाही, नाव तर अजूनही नाही. पुढं त्याच बाया रेशनकार्डासाठी तहसीलला गेल्या, मग पोरांच्या जातीच्या दाखल्यासाठी गेल्या, आणि आता जमिनीसाठी बसतात. आमच्या जातपंचायतीत बाईला बसायला जागा नाही. तिच्याबद्दल निवाडा होतो, तिला विचारून होत नाही. त्यामुळं या बायांनी आधी कोणाची परवानगी मागितली असती तर आजही त्या पालातच असत्या.

आता कायदा बघा. मला बारावीला राज्यशास्त्र होतं. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती पाठ केली, पाच मार्कांना आली. पण वनहक्काचा कायदा वाचला तेव्हा एका ओळीवर मी थांबले. हा २००६ चा कायदा, १ जानेवारी २००८ पासून त्याचे नियम. त्यात ग्रामसभा कशाला म्हणायचं ते सांगताना गावातली सगळी प्रौढ माणसं तर धरलीच आहेत, शिवाय बायांचा पूर्ण आणि आडकाठी नसलेला सहभाग पाहिजे असं त्या व्याख्येतच घातलं आहे. म्हणजे बायांना अडवून भरवलेली सभा या कायद्यानं ग्रामसभाच नव्हे. २०१२ मध्ये नियम बदलले. आता सभेला गावातली निम्मी माणसं हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया लागतात. वनहक्क समिती १० ते १५ जणांची, तिच्यातही एक तृतीयांश बाया. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं निघतो. एकटी बाई घर चालवत असेल तर तिच्या एकटीच्या नावानं. आणि आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यातही ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यायची सांगितली आहे. म्हणजे आम्ही काही जगावेगळं मागत नाही, लिहिलेलंच मागतो.

आणि गावात होतं काय? ग्रामसभा संपते, मग शिपाई रजिस्टर घेऊन चुलीपाशी येतो. "मावशी, इथं अंगठा करा." कोरम पुरा झाला. वनहक्क समितीत तीन-चार बायांची नावं असतात, त्यातल्या निम्म्यांना आपण समितीत आहोत हेच माहीत नसतं. हे सरकारी लोक करतात असं म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. आपल्या चळवळीच्या गावांतही हेच चालतं. मोर्चाला बाया पुढं, कारण पोलीस लाठी उगारताना दोनदा विचार करतो. गाडी भरायला बाया, भाकऱ्या बांधायला बाया. ठराव लिहायची वेळ आली की सतरंजीवर गडी.

यात नुकसान बायांचं होतं हे तर आहेच. पण दाव्याचं काय होतं ते बघा. खरी गोष्ट तिथं आहे.

परवा एका वस्तीवर आम्ही दोन बैठका घेतल्या. सकाळी गड्यांची, दुपारी बायांची. दोन्हीकडं एकच प्रश्न विचारला: इथं आपला ताबा २००५ च्या आधीपासून आहे हे कशावरून? गड्यांनी सांगितलं, कोण किती एकर कसतो, बांध कोणी घातला, गार्डानं दंड कधी केला आणि पावती कोणाच्या पेटीत होती ती कशी भिजली. कामाचं होतं, पण तेवढ्यावर संपलं. कागद कोणाकडंच नव्हता. पालात कागद टिकत नाही, पावसानं नाहीतर पाल मोडताना जातो.

दुपारी बाया बसल्या. पहिली दहा-पंधरा मिनिटं कोणी बोललं नाही. मग एकीनं पाण्याची गोष्ट काढली. कुठला झरा उन्हाळ्यात सगळ्यात शेवटी आटतो, त्याला दगड कोणी लावले, तिथं भांडण झालं ते कोणाच्या लग्नाच्या वर्षी. दुसरी म्हणाली, वरचा कडुनिंब सासूनं लावला, तो आता दोन माणसांच्या कवेत मावत नाही. शेळ्या कुठल्या वाटेनं वर जातात, सरपण कुठं मिळतं, तरवड कुठला औषधाला तोडायचा, बाळंतिणीला कोणता पाला लागतो, देवाचा दगड कुठं आहे. एक आज्जी शेवटपर्यंत गप्प होती. उठता उठता ती म्हणाली, "त्या खडकाच्या वरच्या अंगाला माझी दोन लेकरं पुरलेली हायेत. मोठ्या दुष्काळातली." मोठा दुष्काळ म्हणजे १९७२ चा.

नियमातलं पुराव्याचं कलम आता काढून बघा. तेरावा नियम. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब हा पुरावा आहे. दावेदार सोडून दुसऱ्या माणसाचा पाहिजे, एवढीच अट. घर, झोपडी, बांध, जमीन सपाट केल्याची खूण हा पुरावा आहे. सामूहिक दाव्याला तर चराईची जागा, कंदमुळं-रानफळं-चारा गोळा करायची जागा, माणसांच्या आणि जनावरांच्या पाण्याची जागा, वैदूंची औषधी झाडाची जागा, देवराई, देवाचं झाड, दफनाची जागा, हे सगळं पुरावा म्हणून लिहिलेलंच आहे. त्या आज्जीचं वाक्य म्हणजे दफनभूमीचा पुरावा आणि वडीलधाऱ्याचा जबाब, दोन्ही. सकाळच्या बैठकीत तिचा नातू होता. त्याला हे माहीत नव्हतं. तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

(एक सूचना आमच्याच लोकांना. सामूहिक दाव्यात तितर-लाव्याचं नाव काढू नका. शिकारीचा हक्क हा कायदा देत नाही. आजोबांच्या फाशांच्या गोष्टी पालात सांगा, फॉर्मवर नको.)

हे आमच्या उघड्या माळावर इतकं निघालं, तर तुमच्या जंगलात किती निघेल? मोहाचं कुठलं झाड कोणाच्या घरानं वेचायचं, चारोळी कधी उतरवायची, तेंदूची पानं कुठल्या भागात चांगली, कुठल्या उतारावर कोणता कंद आणि तो उकडून किती पाणी टाकून द्यायचं, हे बाईच्या पायांना माहीत आहे. गडी नांगराची जमीन सांगतो. म्हणून बहुतेक गावांतून वैयक्तिक दावेच गेले, ज्यांना फार तर ४ हेक्टरची मर्यादा आहे. जंगलावरचा सामूहिक हक्क मागायचाच राहिला, नाहीतर अर्धवट मागितला गेला. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये १८०० हेक्टरांहून जास्त जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये गावानं स्वतःच्या पासावर बांबू विकला. चार हेक्टर कुठं आणि अठराशे हेक्टर कुठं. जंगल मागायचं असेल तर जंगलात रोज जाणाऱ्या माणसाला विचारलं पाहिजे. ते माणूस बहुतेक वेळा बाई असतं.

मग तिला ग्रामसभेतच विचारा की, वेगळी बैठक कशाला? हा प्रश्न चळवळीच्या बैठकीत आला, आणि चांगल्या साथीनं विचारला. उत्तर सोपं आहे. सासरा, दीर, पोलीस पाटील आणि सरपंच समोर बसलेले असताना बाई बोलत नाही. डोक्यावरचा पदर सावरण्यातच तिची सभा संपते. आधी आपसात बोललेलं असलं, मागं दहा जणी आहेत हे माहीत असलं, तर तीच बाई उभी राहते. आमच्या वस्तीवरच्या एकीनं मोठ्या गावच्या ग्रामसभेत दाव्याचा विषय काढला तेव्हा तिला "खाली बस" असं दोघांनी सांगितलं. ती बसली नाही, कारण तिच्या मागं अकरा बाया उभ्या राहिल्या होत्या. ते आदल्या रात्री ठरलं होतं: हिनं बोलायचं, बाकीच्यांनी नुसतं उभं राहायचं.

हे आमचं शोधून काढलेलं नाही. शहादा-तळोद्याच्या भिल बायांनी हे १९७० नंतरच्या वर्षांत करून दाखवलं. तिकडं अंबरसिंग महाराजांनी भिलांना उभं केलं, १९७१ ला पाटीलवाडीला गोळीबार झाला, १९७२ ला श्रमिक संघटना उभी राहिली. मागण्या होत्या गेलेल्या जमिनी परत द्या, सालदाराला नीट मजुरी द्या. त्याच वर्षांत दुष्काळ आणि रोजगाराची लढाई. बाया मोर्चात होत्याच, मालकाशी मजुरी ठरवायलाही पुढं होत्या. मग बायांची शिबिरं झाली. बाया एकत्र बसल्या आणि बोलायला लागल्या तेव्हा मजुरीच्या आधी दारू आणि मार निघाला. मिळालेली मजुरी भट्टीवर जाते, आणि नवरा तिथून येऊन मारतो. मग मजुरी वाढवून कोणाचं पोट भरलं? बाया टोळीनं गावोगाव गेल्या, दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्याला चारचौघांत जाब विचारला. जमीन-मजुरीच्या संघटनेच्या कामात दारू आणि मारहाण बायांनी आणली. आणि १९७९ ला तिथं श्रमिक स्त्री मुक्ती संघटना वेगळी उभी राहिली.

आता ज्यांना वाटतं की बाया वेगळ्या बसल्या की संघटना फुटते, त्यांनी एवढंच सांगावं: मडकी फुटली ती कोणाची? मालकाच्या आणि भट्टीवाल्याच्या पोटावर पाय आला. संघटनेला तर माणसं मिळाली, कारण शुद्धीवर असलेला गडी बैठकीला येतो. गडचिरोलीत १९९३ ला दारूबंदी झाली तीसुद्धा लोकांनी, बायांनी लावून धरली म्हणून झाली. अंमलबजावणीचं रडगाणं वेगळं आहे, ते पुन्हा कधीतरी.

दुसरं उदाहरण लांबचं, हिमालयातलं, पण जंगलाचं आहे. चिपकोचं नाव शाळेच्या पुस्तकात असतं, झाडाला मिठी मारलेल्या बायांच्या चित्रासकट. चित्राच्या मागची गोष्ट पुस्तकात नसते. २६ मार्च १९७४ ला रेणी गावात ठेकेदाराची माणसं झाडं तोडायला आली तेव्हा गावचे गडी भरपाईच्या पैशासाठी चमोलीला गेले होते. त्यांना त्याच दिवशी बोलावलं होतं, हा योगायोग समजायला आपण दुधखुळे नाही. गावात होत्या गौरादेवी आणि त्यांचं महिला मंगल दल. दल आधीपासून होतं, गौरादेवी त्याच्या प्रमुख होत्या, म्हणून एका हाकेला वीस-पंचवीस बाया आणि पोरी जमल्या आणि त्यांनी तोड थांबवली. त्या दिवशी जमवायला बसल्या असत्या तर संध्याकाळपर्यंत जंगल आडवं झालं असतं.

त्याच भागात १९८० ला डुंगरी-पैंतोली गावात आणखी मोठी गोष्ट घडली, तिचं चित्र कुठं छापत नाहीत. तिथं बटाट्याच्या बियाण्याच्या सरकारी फार्मसाठी गावचं बांजचं जंगल द्यायला गावच्या गड्यांची पंचायत कबूल झाली होती. बदल्यात रस्ता, दवाखाना, शाळा मिळणार होती. बायांनी नाही म्हटलं. जंगल गेलं तर सरपणाला आणि चाऱ्याला मैलोगणती त्यांनाच चालावं लागणार होतं, पंचायतीला नाही. बाया आपल्याच गड्यांच्या विरोधात उभ्या राहिल्या आणि जंगल वाचलं. आपल्याकडं उद्या खाण येईल, धरण येईल, पवनचक्की येईल. दलाल कोणाशी बोलेल? हॉटेलात कोणाला बसवेल? पाड्यात बायांचा गट जागा असेल तर हॉटेलात ठरलेलं पाड्यात टिकणार नाही. २०१३ मध्ये ओडिशातल्या नियमगिरीत १२ ग्रामसभांनी खाणीला नकार दिला तो केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं मानला. ग्रामसभेच्या ठरावात आज एवढी ताकद आहे. म्हणूनच त्या ठरावावर कोणाचा आवाज आहे हे बघायचं.

काही गावांतून उत्तर येतं, आमच्याकडं बचत गट आहे की. बचत गटाला माझा विरोध नाही. सावकाराच्या दारातून बाईला बाहेर काढलं ते गटानं. पण बचत गटाची वही हप्त्याची आणि व्याजाची असते. बँकेचा साहेब आला की गट जमतो, गार्ड आला की जमत नाही. त्यात ज्या बाईला महिना पन्नास-शंभर भरता येत नाहीत ती बाहेर राहते, आणि जमिनीची सगळ्यात जास्त गरज तिलाच असते. बचत गटातल्या बायाच या गटात येतील तर उत्तमच, पण दोन वह्या एक करू नका. कर्ज थकलेली बाई तोंड लपवून जमिनीच्या बैठकीला येईनाशी होते, हे मी बघितलं आहे.

ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायांना झाल्या, हेही ऐकवलं जातं. २०११ पासून झाल्या, खरं आहे. पण पाठीमागं गट नसलेली बाई सरपंच झाली की खुर्चीवर ती आणि शिक्का नवऱ्याच्या खिशात. दोष तिचा नाही. तिला उभं कोणी केलं, त्यावर ती कोणाचं ऐकणार ते ठरतं. नवऱ्याच्या पार्टीनं उभं केलं तर पार्टीचं, बायांच्या गटानं उभं केलं तर गटाचं. पुढच्या पंचायत निवडणुकीला आपल्या गावांत बायांच्या बैठकीनंच बायांचे उमेदवार ठरवावेत, असं मला वाटतं. चळवळीनं यावर अजून ठरवलेलं नाही. चर्चा करा, आम्हाला लिहा.

एकट्या बायांबद्दल मात्र थांबून राहू नका. आमच्या सांगली जिल्ह्यात कासेगावच्या इंदुताई पाटणकरांनी आणि त्यांच्या सोबतच्या बायांनी स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीतून परित्यक्तांचा प्रश्न १९८० नंतरच्या वर्षांत लावून धरला. इंदुताई प्रतिसरकारच्या लढ्यातल्या. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड, स्वतःची जमीन, स्वतःचं घर पाहिजे, ही ती मागणी. आज वनहक्काच्या याद्या वाचल्या की तीच बाई पुन्हा गाळलेली दिसते. विधवा असेल तर तिची जमीन दिराच्या दाव्यात घुसवलेली असते. टाकलेली असेल तर ती माहेरच्या यादीतही नाही आणि सासरच्याही नाही. कुऱ्हाड आणि खुरपं घेऊन जी जमीन तिनं काढली, ती कागदावर भावाची. गड्यांच्या बैठकीत हे कोणी वाईट मनानं करतो असं नाही, कुटुंब म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं गडीच येतो. बायांच्या बैठकीत हे नाव पहिल्या पाच मिनिटांत निघतं. "अन् तिचं काय?" असं कोणीतरी विचारतंच.

शेड्यूल भागातल्या साथींना आणखी एक सांगायचं आहे. पेसा कायदा १९९६ चा, पण आपल्या राज्याचे त्याचे नियम मार्च २०१४ मध्ये निघाले. आता पाड्याला, वस्तीला स्वतःचं गाव म्हणून जाहीर करून घेता येतं, स्वतःची ग्रामसभा भरवता येते. ही संधी आमच्या कवठे महांकाळला नाही. हा तालुका शेड्यूलमध्ये नाही, त्यामुळं वीस-पंचवीस पालांचा दावा आम्हाला दोन-तीन हजार लोकांच्या गावापुढं मांडावा लागतो. त्या गावातल्या काहींचा डोळा त्याच माळावर असतो. गायरानातल्या पालांची गोष्ट तर आणखी अवघड. १९९१ च्या सरकारी निर्णयानं १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची गायरान कसणूक नियमित व्हायची होती. बऱ्याच जणांची झालीच नाही. २०११ ला सुप्रीम कोर्टानं गावच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगितली. भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी आदेशानं दिलेल्या जमिनींचा अपवाद त्याच निकालात आहे, पण नोटीस घेऊन येणारा तो अपवाद वाचून दाखवत नाही. तो आपणच वाचून दाखवायचा. तुमच्या हातात पाड्याची ग्रामसभा आली आहे. ती जुन्याच पाच-सहा गड्यांच्या हातात देऊ नका.

आता कामाचं. बैठक संध्याकाळी सातच्या आत घेऊ नका, भाकरी आणि पाणी व्हायचं असतं. ज्या वस्तीवरच्या बाया रोजंदारीला जातात तिथं बाजाराच्या दिवशी दुपारी घ्या. पोरं त्या वेळात गड्यांनी सांभाळायची. यावर हसू नका, यामुळंच बैठका मोडतात. जागा देवळासमोरची किंवा चावडीची नको, जिथं बाया एरवीही बसतात तिथं घ्या. गडी कार्यकर्ता असेल तर त्यानं सुरुवातीला कायदा समजावून सांगावा आणि उठून जावं. लिहायला शाळेतली पोरगी घ्या, आठवी-नववीची चालते. ती जे ऐकेल ते आपल्या बोलीत लिहू दे, भिली, कोरकू, पारधी कसंही. मराठी नंतर करता येतं.

वहीत पहिल्या पानावर हजर बायांची नावं. नवऱ्याच्या नावाआधी बाईचं स्वतःचं नाव. मग वस्तीतल्या प्रत्येक एकट्या बाईचं नाव, तिची जमीन कुठं आहे आणि आज कोणाच्या दाव्यात आहे. मग पाणी, चारा, सरपण, कंद, औषध, देव, दफनाच्या जागा, प्रत्येक जागेचं बोलीतलं नाव आणि ती जागा किती जुनी ते. साल माहीत नसेल तर दुष्काळ, रोग, कोणाचं लग्न, कोणता पूर, असं लिहा, साल आपण काढू. म्हाताऱ्या बायांचा जबाब वेगळ्या कागदावर, खाली अंगठा आणि दोन साक्षीदार. शेवटी ठराव: ग्रामसभेत कोण बोलणार, तिच्या मागं कोण उभं राहणार.

वहीची झेरॉक्स १० ऑगस्टपर्यंत आपल्या तालुक्याच्या कार्यकर्त्याकडं द्या. मूळ वही बायांकडंच ठेवायची, समितीच्या अध्यक्षाकडं नाही. ज्या वस्तीची वही येणार नाही तिथला सामूहिक दावा या ग्रामसभेत मांडायची घाई चळवळीनं करू नये, पुढच्या, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपर्यंत थांबावं आणि मधल्या काळात तिथं बैठक घ्यावी, असं माझं म्हणणं आहे. अर्धा दावा एकदा मंजूर झाला की उरलेला अर्धा मागायला पुन्हा दहा वर्षं जातील. कवठे महांकाळच्या तीन वस्त्यांच्या वह्या तयार आहेत. चौथीवर येत्या शनिवारी बसतो आहोत.